वाचकांचे प्रश्न : जिभेवरची गोडी आणि रक्तातली साखर

गेल्या अंकात सणावाराच्या जेवणाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत. जे गोड लागते ते साखर वाढवते आणि जे गोड लागत नाही ते निर्धोक, असे बहुतेकांनी मनाशी धरलेले दिसते. माझ्याकडे तपासणीला येणारी मंडळीही खुर्चीवर बसता बसता पहिले वाक्य हेच उच्चारतात, "मी गोड अजिबात खात नाही." हा समज अनेकांचे खरोखर नुकसान करतो आहे, म्हणून या वेळचे सदर मी या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी बासष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक असून मला दोन वर्षांपासून मधुमेह आहे. आठ महिन्यांपूर्वी मी साखर पूर्णपणे बंद केली, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. दर गुरुवारी उपवास असतो आणि त्या दिवशी एकदाच साबुदाण्याची खिचडी खातो. घरच्या यंत्रावर जेवणानंतर दोन तासांनी मोजतो, तेव्हा आठवड्यातला सर्वांत मोठा आकडा उपवासाच्याच दिवशी येतो. गेल्या गुरुवारी तो २३८ होता. गोडाचा कणही पोटात नसताना ही साखर येते कुठून? (सांगली)

उत्तर : आपले यंत्र बिघडलेले नाही आणि आपण पथ्यही मोडलेले नाही. आपण मोजून पाहिले आणि आकड्यावर विश्वास ठेवून पत्र लिहिले, याचे मला फार समाधान वाटले.

जिभेला गोड म्हणून कळतात ते साखरेचे लहान रेणू. साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज यांचे रेणू रुचिकलिकांवरच्या विशिष्ट प्रथिनांवर नीट बसतात आणि मग मेंदूला गोडाचा निरोप जातो. साबुदाणा, तांदूळ, बटाटा, मैदा यांत मुख्यतः पिष्ट असते. पिष्ट ही ग्लुकोजच्याच शेकडो-हजारो मण्यांची ओवलेली माळ आहे, पण ती माळ सलग असेपर्यंत जिभेला तिच्यात काही गोड सापडत नाही. पोळीचा एक घास न गिळता दोन मिनिटे चावत राहिल्यास तो हळूहळू गोडसर लागू लागतो. हा प्रयोग आपण वर्गात मुलांकडून करून घेतलाही असेल. लाळेतले विकर माळ तोडू लागल्याची ती खूण असते. उरलेले काम लहान आतड्यात होते आणि तिथे जीभ नाही, म्हणून ते आपल्याला कळत नाही.

आता थोडा हिशोब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. दर १०० मिलिलिटर रक्तात साखर १०० मिलिग्रॅम असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते अवघे पाच ग्रॅम, चहाच्या एका चमच्याएवढे. एका माणसाच्या पोटभर खिचडीला सुमारे ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा लागतो आणि त्यात ६५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. वर बटाट्याच्या फोडी असतात त्या वेगळ्या. म्हणजे ज्या रक्तात एक चमचा ग्लुकोज असते, त्यात दोन-अडीच तासांच्या आत बारा-तेरा चमच्यांची आवक होते. निरोगी माणसाचे इन्सुलिन ती आवक वेळीच स्नायूंकडे आणि यकृताकडे वळवते. आपले इन्सुलिन तेवढ्या वेगाने काम करत नाही आणि तोच फरक आपल्याला यंत्रावर दिसतो.

आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून तयार होतो, त्याचा मोठा उद्योग तमिळनाडूतल्या सेलम भागात आहे. कंद किसून, धुऊन, गाळून उरलेल्या निव्वळ पिष्टाच्या गोळ्या केल्या जातात. या प्रक्रियेत कंदातला चोथा जवळपास सगळा निघून जातो आणि प्रथिने तर नावालाच उरतात, त्यामुळे पचनाला अडवणारे असे काही शिल्लक राहत नाही. टोरोंटोचे डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पदार्थांना रक्तशर्करा वाढवण्याच्या वेगानुसार अंक द्यायची पद्धत काढली. तिच्यात ग्लुकोजचा अंक १०० धरला, तर पांढऱ्या पावाचा सुमारे ७५ येतो आणि आपण आठ महिने टाळलेल्या साखरेचा सुमारे ६५. साखरेच्या रेणूचा अर्धा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि तो रक्तातले ग्लुकोज फारसे वाढवत नाही, म्हणून हा उलटा वाटणारा क्रम लागतो. यावरून साखर सुरू करावी असा अर्थ कृपया काढू नये. न गोड लागणारे पिष्टही मोजले पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. खिचडी निम्मी करावी, बटाटा वगळावा, दाण्याचे कूट हात आखडता न घेता घालावे, आणि खिचडीच्या आधी वाटीभर काकडीची दह्यातली कोशिंबीर खावी. भगर आणि शिंगाड्याचे पीठ यांतही पिष्टच असते, म्हणून केवळ पदार्थ बदलून भागणार नाही, प्रमाणही बदलावे लागेल. आणखी एक गोष्ट. दिवसभर उपाशी राहून सकाळची गोळी तशीच घेतल्यास दुपारपूर्वी साखर खाली जाण्याचा धोका काही औषधांत असतो. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी कधी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारून घ्यावे.

प्रश्न : चहात मी साखरेऐवजी कृत्रिम गोडीची गोळी टाकते. माझ्या नणंदेने वाचले आहे की जिभेला गोड लागले की शरीर फसते, इन्सुलिन सोडते, मग भूक वाढते आणि शेवटी वजन वाढते. हे खरे आहे का? मला मधुमेह आहे, वजनही थोडे जास्त आहे. (नाशिक)

उत्तर : आपल्या नणंदेने वाचलेल्यात थोडे तथ्य आहे, पण त्यावर रचलेला निष्कर्ष मात्र फार पुढे गेलेला आहे.

तथ्य असे की अन्न पोटात पोहोचण्याआधीच शरीर तयारीला लागते. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटते, हा त्याचाच अनुभव. पचनाच्या या पूर्वतयारीचा पद्धतशीर अभ्यास रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी केला आणि पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाची चव लागताच मज्जातंतूंमार्फत स्वादुपिंडाला इशारा जातो आणि पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा एक लहानसा हप्ता रक्तात उतरतो, हेही पुढे सिद्ध झाले. मात्र हा हप्ता फार छोटा असतो. नुसत्या कृत्रिम गोडीने तो सुटतो का, याचे उत्तर माणसांवरच्या प्रयोगांत कधी होय तर कधी नाही असे आले आहे. जिथे तो सुटला तिथेही रक्तातली साखर खाली जाऊन भूक खवळावी इतका तो मोठा नव्हता.

इन्सुलिनचा मोठा हप्ता येतो तो आतड्याच्या सांगण्यावरून. तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर कमी इन्सुलिन सुटते आणि तोंडाने दिले तर कितीतरी जास्त, हे १९६४ साली दिसून आले. आतडे अन्न पाहून जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरके सोडते आणि ती स्वादुपिंडाला पुढे काय येत आहे ते कळवतात. त्यांतले जीएलपी-१ मेंदूला "पुरे" असेही सांगते. हल्ली वजन घटवण्यासाठी ज्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी चालते, ती याच संप्रेरकाची नक्कल आहे. जिभेवर गोडी ओळखणारी जी प्रथिने आहेत, तीच आतड्यातही आहेत असे कळल्यावर शास्त्रज्ञांना साहजिकच शंका आली की कृत्रिम गोडीही आतड्याला फसवत असेल. २००९ साली निरोगी माणसांच्या जठरात थेट सुक्रालोज ही कृत्रिम गोडी सोडून पाहिली, तेव्हा ना जीएलपी-१ वाढले, ना इन्सुलिन.

शरीर इतक्या सहजी फसत नाही, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली असे उंदीर घेतले की ज्यांना गोड चव मुळी कळतच नाही. सुरुवातीला त्यांना साध्या पाण्यात आणि साखरेच्या पाण्यात काही फरक वाटला नाही, पण काही दिवसांतच ते साखरेच्या पाण्याकडे वळू लागले. सुक्रालोजच्या पाण्याकडे मात्र ते तसे वळले नाहीत. जीभ मुकी असतानाही पोटाने खरी साखर ओळखली होती. (मांजरालाही गोड कळत नाही, कारण गोडी ओळखणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचे जनुक तिच्यात निकामी आहे. ती बासुंदीला तोंड लावते ते सायीच्या ओढीने.)

तरीही या गोळ्यांना मी पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. २०१३ साली सतरा स्थूल व्यक्तींना ग्लुकोजच्या पाण्याआधी सुक्रालोज दिले, तेव्हा त्यांचे इन्सुलिन सुमारे २० टक्के जास्त वाढले. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०२२ साली १२० निरोगी व्यक्तींवर दोन आठवडे प्रयोग केला, तेव्हा सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांपैकी काहींची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता बदललेली आढळली आणि त्या बदलाचे धागे आतड्यातल्या जीवाणूंपर्यंत पोहोचले. माणसागणिक परिणाम वेगळा होता. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा वापर करू नये अशी शिफारस केली, पण आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना ती लागू नाही, असेही त्याच शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे. बातम्यांतून हा दुसरा भाग बहुधा गळला.

म्हणून आपल्यापुरते सांगायचे तर दोन कप चहातल्या दोन गोळ्यांनी आपली साखर किंवा भूक वाढणार नाही. भीती आहे ती वेगळीच. "चहात गोळी टाकली आहे, मग एक वडी चालेल" हा मनातला व्यवहार मी नेहमी ऐकते आणि वजन वाढते ते त्या वडीमुळे. शुगरफ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठाईत खवा असतो, तूप असते, कधी मैदा असतो आणि गोडीसाठी बहुधा माल्टिटॉल घातलेले असते. माल्टिटॉल साखरेइतके नाही, तरी रक्तातले ग्लुकोज वाढवतेच, आणि जास्त झाले तर पोटही बिघडवते. अ‍ॅस्पार्टेमची गोळी उकळत्या चहात टाकू नये, फार वेळ उष्णता मिळाल्यास त्याची गोडी नाहीशी होते. कप भरल्यावर ती टाकावी.

माझा आग्रह असा राहील की दर पंधरवड्याला गोळी थोडी कमी करत न्यावी. फिलाडेल्फियातल्या मोनेल केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली असे दाखवले की आहारातली साखर बरीच कमी केलेल्या लोकांना तिसऱ्या महिन्यापर्यंत तेच पुडिंग पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागले. गोडाची आवड मात्र त्यांची कमी झाली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आवड राहिली तरी हरकत नाही, ती थोडक्यात भागू लागली की पुष्कळ झाले.

प्रश्न : साखरेऐवजी सेंद्रिय गूळ किंवा मध वापरला तर मधुमेही माणसाला चालतो का? आमच्या घरचे गुऱ्हाळ आहे, गूळ पूर्ण शुद्ध असतो. (कोल्हापूर)

उत्तर : गुळाच्या शुद्धतेविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण आपल्या प्रश्नाचा शुद्धतेशी संबंध येत नाही. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तात तो साखरेसारखाच वागतो. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच सुटे झालेले असतात. गुळात लोह आणि इतर क्षार थोड्या प्रमाणात असतात हे खरे, तथापि त्यांच्यासाठी गूळ खायचा तर किती खावा लागेल याचा हिशोब केल्यास मूठभर तीळ किंवा मेथीची भाजी कितीतरी बरी ठरते. चव आवडते म्हणून साखरेच्या जागी तेवढाच गूळ घेणे ठीक आहे. पण गूळ म्हणून दुप्पट घेतला जातो, आणि ते मी अनेक घरांत पाहिले आहे.

प्रश्न : माझ्या मनात दोन गोष्टी फार दिवस घोळत आहेत. पोट अगदी भरले असले तरी गोड पदार्थ दिसला की त्याला जागा कशी होते? आणि सकाळी चहा-बिस्किटे खाऊन निघाले की अकराच्या सुमाराला हात थरथरावेत इतकी भूक का लागते? पोहे खाल्ले तर तितकी लागत नाही, थालीपीठ खाल्ले तर लागतच नाही. मला मधुमेह नाही. (पुणे)

उत्तर : आपण दोन वेगळ्या गोष्टी अचूक टिपल्या आहेत.

पहिलीचे उत्तर पोटापेक्षा मेंदूत अधिक आहे. एकच चव खात राहिले की त्या चवीचा कंटाळा येतो, पण न खाल्लेल्या चवीची ओढ तशीच टिकून राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हे प्रयोगाने दाखवले. आमटी-भाताने आपण तृप्त झालेल्या असता, पण ती तृप्ती खारट-तिखटाची असते, गोडाचे खाते अजून उघडलेलेच नसते. यावर मला आपल्या जुन्या पानाची आठवण होते. पानात डावी-उजवी बाजू वाढून झाल्यावर पुरणपोळी किंवा जिलेबी बाकीच्या जेवणाबरोबरच येई, शेवटी वेगळी येत नसे. सुश्रुतसंहितेत तर आधी मधुर, मध्ये आंबट-खारट आणि शेवटी बाकीचे रस असा क्रम सांगितला आहे. जेवण उरकल्यावर शीतकपाटातून निराळे "स्वीट डिश" काढण्याची पद्धत अलीकडची आहे आणि भरल्या पोटावर आणखी तीनशे उष्मांक चढवण्याचा तो सोपा मार्ग झाला आहे.

मात्र गोड आधी खाल्ल्याने भूक आवरत असली तरी रक्तातल्या साखरेला तो क्रम मानवत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या अकरा रुग्णांना एकच जेवण दोन निरनिराळ्या क्रमांनी दिले. भाजी आणि प्रथिने आधी, आणि पाव व फळांचा रस पंधरा मिनिटांनी, अशा क्रमाने खाल्ल्यावर तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्के कमी भरली. अभ्यास लहान आहे, पण पुढच्या अभ्यासांतूनही साधारण हेच दिसत आले आहे. आपल्या घरी याचे रूप सोपे आहे. कोशिंबीर, उसळ आणि भाजी यांचे चार-सहा घास आधी खावेत, मग पोळीला हात लावावा, आणि गोड असेल तर ते जेवतानाच, छोट्या वाटीत वाढून घ्यावे.

दुसरा प्रश्न सकाळच्या भुकेचा. चहातली साखर आणि बिस्किटातला मैदा-साखर झपाट्याने रक्तात उतरतात, इन्सुलिनही तितक्याच झपाट्याने येते आणि पुष्कळांच्या बाबतीत दोन-तीन तासांनी साखर सकाळच्या पातळीच्याही थोडी खाली घसरते. २०२१ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या हजाराहून अधिक लोकांच्या दंडाला संवेदक लावून केलेल्या अभ्यासात, ज्यांची साखर अशी घसरत होती त्यांना भूक लवकर लागली आणि दिवसभरात ते इतरांपेक्षा सुमारे ३०० उष्मांक जास्त खात असल्याचे आढळले. विशेष म्हणजे न्याहारीनंतर साखर किती उंच गेली यापेक्षा नंतर ती किती खाली आली, यावरून भुकेचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. थालीपिठात ज्वारी-बाजरीबरोबर हरभरा, उडीद असे कडधान्य असते, चोथा असतो, वर लोण्याचा गोळा असतो. जठर ते सावकाश पुढे ढकलते, त्यामुळे चढही मंद असतो आणि उतारही. आपल्या शरीराने हे आपल्याला आधीच सांगितले आहे.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. शीतपेये बंद केली, पण त्याऐवजी घरी कोकम सरबत आणि बाहेर उसाचा रस घेतो. हे तर नैसर्गिक आहे, मग वजन का वाढते आहे? (ठाणे)

उत्तर : आपण शीतपेये बंद केलीत हे उत्तमच केलेत. नैसर्गिक पेयांतही साखर किती आहे हे जिभेला नीट कळत नाही आणि अडचण नेमकी तिथे आहे. आंबटपणा गोडीला झाकतो, म्हणून कोकमाच्या आगळात साखर घालताना हात सैल सुटतो. थंडाव्यानेही गोडी मंदावते. जिभेतील गोडीचा निरोप पुढे नेणारी एक कडी उष्णतेने अधिक कामाला लागते आणि गारव्याने मंदावते, हे २००५ साली उलगडले. यासाठी प्रयोगशाळा नको. उरलेले शीतपेय रात्रभर उघडे ठेवून सकाळी एक घोट घेऊन पाहा, तो घशाखाली उतरणार नाही. साखर कालच्याइतकीच असते, गारवा आणि वायू तेवढे गेलेले असतात. श्रीखंडातही चक्क्याच्या बरोबरीने साखर सहज खपते ती आंबटपणा आणि गारवा यांच्या आडोशानेच.

साधारण शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमहून थोडी जास्त साखर असते. रसवंतीवरच्या उसाच्या मोठ्या ग्लासातही ती जवळपास तेवढीच भरते, आले-लिंबू पिळल्याने कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशा मोकळ्या साखरेची मर्यादा दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत सांगितली आणि शक्य तर ती ५ टक्क्यांवर आणावी असे सुचवले. २००० उष्मांकांच्या आहारात ती अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते.

भुकेच्या दृष्टीने पेयांचा दोष आणखी मोठा आहे. पर्ड्यू विद्यापीठात २००० साली पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० उष्मांकांच्या साखरेच्या गोळ्या चघळायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच उष्मांकांचे गोड पेय. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी नकळत बाकीचे जेवण कमी केले. पेय घेतले तेव्हा जेवण तसेच राहिले आणि वजन वाढले. पिऊन घेतलेली साखर पोटाच्या हिशोबात नीट धरली जात नाही. मुलाला ऊस सोलून, कांडी चावून खाऊ द्या. चावता चावता जबडा दुखेल आणि तो आपोआप थांबेल. कोकमासाठी मीठ-जिरे घातलेले सार करावे, साखर चिमटीभर पुरते.

प्रश्न : आमच्या भागातील एक वैदू गुडमारची पाने देतो. ती चावली की साखर गोड लागत नाही. याने मधुमेह बरा होतो का? (सिंधुदुर्ग)

उत्तर : मधुनाशिनी या नावानेही ओळखली जाणारी ही वेल मी स्वतः चाखलेली आहे. दोन पाने चावून थुंकली आणि नंतर साखरेची चिमूट तोंडात टाकली, तर ती चक्क वाळूसारखी लागते. मीठ मात्र खारट लागते आणि लिंबू आंबट. पानातील जिम्नेमिक आम्ल गोडी ओळखणाऱ्या प्रथिनांना काही काळ अडवून ठेवते, त्याचा हा परिणाम आहे. अर्ध्या-पाऊण तासात चव परत येते.

पण ती बेचव चिमूट गिळली, तर तिचे ग्लुकोज रक्तात नेहमीसारखेच जाते. जीभ बंद पडली तरी आतड्याचे काम चालूच राहते. गोडाची हाव आवरायला पानाचा थोडा उपयोग होऊ शकेल. या वनस्पतीने साखर कमी होते का यावर अभ्यास झाले आहेत, परंतु औषधांच्या जागी ती घेता येईल इतका भक्कम पुरावा त्यांतून मिळालेला नाही. चालू गोळ्या बंद करून पाने खाऊ नयेत आणि गोळ्यांबरोबर घ्यायची तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रश्न : वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, इन्सुलिन घेतात, सोबत जेवणाआधीची एक गोळीही आहे. महिन्याभरापूर्वी पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि "खायला द्या, खायला द्या" असे ते म्हणू लागले. घरात साखर आणायचीच नाही असे ठरवलेले असल्यामुळे आम्ही शुगरफ्री गोळ्यांचे गोड पाणी दिले, मग पेढा दिला. अर्धा तास काहीच फरक पडला नाही. आमचे काय चुकले? (रत्नागिरी)

उत्तर : आपले पत्र वाचून मी त्याच दिवशी संपादकांकरवी आपल्याला निरोप पाठवला होता, पण इतर घरांतही ही चूक होऊ शकते म्हणून उत्तर इथेही देते.

ती भूक साखर फार खाली गेल्याची होती. साखर ७० च्या खाली आली की शरीर घाम, थरथर, छातीत धडधड आणि अनावर भूक यांच्या रूपाने आरडाओरडा करते. त्या वेळी जिभेला गोड लागून काही उपयोग नाही, रक्ताला ग्लुकोज हवे असते. कृत्रिम गोडीच्या पाण्यात ते नव्हते. पेढ्यात साखर होती, पण खव्यातल्या स्निग्धांशामुळे ती जठरातून सावकाश पुढे सरकली.

अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, अर्ध्या कप पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा ७० च्या खालीच असेल तर तेवढेच परत द्यावे. बरे वाटल्यावर पोळी-भाजी किंवा दूध असे काहीतरी खायला द्यावे, म्हणजे साखर पुन्हा घसरत नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, घास श्वासनलिकेत जातो. तडक रुग्णालयात न्यावे.

जेवणाआधीची ती गोळी कोणती आहे हे आज पाकिटावर वाचून घ्या. ती अकार्बोज किंवा व्होग्लिबोज असेल, तर साखरेचे पाणीसुद्धा लवकर उपयोगी पडणार नाही. ही औषधे साखरेचा रेणू फोडणाऱ्या आतड्यातल्या विकरालाच अडवतात, त्यामुळे साखर फुटून ग्लुकोज मिळायला वेळ लागतो. अशा रुग्णाला फक्त ग्लुकोज पावडर द्यावी, ती फोडावी लागत नाही. औषधांच्या दुकानात तिचा डबा सहज मिळतो. त्यातली तीन-तीन चमच्यांच्या पुड्या बांधून एक वडिलांच्या उशाशी, एक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आणि एक देवघराजवळच्या फडताळात ठेवा. पावसाळ्यात रत्नागिरीच्या दमट हवेत त्या ओल्या होऊन चिकटतात, तेव्हा दर महिन्याला उघडून पाहून बदलत जा.